शिवमूर्तीचं दुसरं झाड

लातूर जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि दुष्काळाचं दुसरं वर्ष चालू होतं. नव्या कचेरीतला साहेब पेरूंसाठी नावाजलेल्या एका गावात वाळलेल्या झाडांची नोंद करायला आला. गौरम्मा भांडी धुतलेलं पाणी घागरीत घेऊन निघाली होती. स्वतःच्या झाडांवरून ती तशीच पुढं गेली आणि जाहिदाच्या दोन झाडांच्या आळ्यांत तिनं सगळी घागर रिती केली.

"मावशी, तुमची फार मैत्री दिसते," साहेब म्हणाला.

"कशाची मैत्री? सात वर्सं झाली, बोलत न्हाई मी तिच्याशी."

"मग पाणी कसं काय?"

"गावानं ठरवलंय, घरटी दोन झाडं जगवायची. ज्याचं ज्याच्याशी वाकडं, त्यानं त्याच्या झाडाला पानी घालायचं. आपल्या झाडाला येखांदा दिस कंटाळा केला, तर कोन इचारतंय? हितं चुकलं तर ती गावभर बोंबलत फिरंल. मीबी रोज माझी आळी बघते, तिनं वली केली का न्हाई."

साहेबानं हिरव्या झाडांवरून नजर फिरवली. "म्हणजे एकही वाळलं नाही?"

"येकच. शिवमूर्तीचं. लई गरीब सोभावाचा मानूस, त्याचं कुनाशीच भांडन न्हाई."

साहेबानं तेवढं लिहून घेतलं. गौरम्मानं रिकामी घागर काखेत मारली.

"दुसरं झाड अजून हिरवं हाय त्याचं," ती म्हणाली. "जाते, भांडून येते."