उभारीची सजा

"मंग सजा उभारीले काहून नाही झाली?" धम्मरत्न मास्तरांनी पेटी थांबवली आणि चष्म्यावरून बघत विचारलं.

क्लासातले अकरा कैदी खो-खो हसले. उकंडाला त्यात हसण्यासारखं काही दिसेना. महिनाभर डोकं खाजवून त्यानं हे गाणं रचलं होतं. त्यात बंडीची उभारी, म्हणजे बैलगाडीच्या कडेचा दांडका, आपसूक उठत होती आणि थोरल्या भावाचा, मारोतरावांचा, माथा आपसूक फुटत होता. चाल मात्र झकास बसली होती.

मास्तर बाभुळगावचे. जयंतीच्या कार्यक्रमांत गाणी म्हणण्यात त्यांची हयात गेलेली. आता दर मंगळवारी ते यवतमाळला येऊन जेलातल्या लोकांना गाणी रचायला शिकवत. पहिल्या पंधरवड्यातच त्यांच्या ध्यानात आलं, की इथं कुणीच काही केलेलं नाही. ट्रकवाल्या पूनमसिंगच्या गाण्यात ब्रेक लागत नव्हता, आणखी कुणाच्या गाण्यात हात सुटत होता. सगळं आपलं आपोआप घडलेलं. शेवटी मास्तरांनी कायदाच केला: प्रत्येक ओळीत 'म्या' पाहिजे.

"'म्या' टाकला का चाल मोडते, मास्तर," उकंडा कुरकुरला.

"मोडू दे. चाल दुरुस्त करता येते."

उकंडाचं प्रकरण साधं होतं. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, सख्ख्या भावाशी जुंपली आणि त्यानं उभारी हाणली. मारोतराव डाव्या कानानं कायमचे बहिरे झाले. पोलिसांना, वकिलाला, जज्जसाहेबांना उकंडानं एकच सांगितलं, की पहिली शिवी दादानं दिली, तीही आईवरून. आई दोघांची एकच, हे त्या घाईत कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मारोतरावांनी कोर्टात कानांवर हात ठेवले. आपण तोंडातून अक्षर काढलं नाही, म्हणाले. त्यानंतर दोन वर्षांत ते एकदाही भेटीला आले नाहीत.

आता सुटका महिन्यावर आली होती, आणि दोघा भावांच्या घरांमध्ये भिंत एकच. पलीकडून कुणी हूं की चूं करणार नसेल तर त्या घरात जन्म कसा काढायचा, या धास्तीनं उकंडाला अन्न गोड लागेना.

क्लासाच्या कार्यक्रमाला प्रत्येकाला घरचा एक माणूस बोलावता येणार होता. उकंडानं मारोतरावांचं नाव दिलं आणि गाणं पुन्हा रचायला घेतलं. 'उभारी म्या उचलली, दादा, माथा म्या फोडला.' इथवर कसंबसं जमलं. तिसरी ओळ मात्र त्यानं मोठ्या हौसेनं लिहिली: 'शिवी तुवा देल्ली.' मास्तरांनी ती खोडली.

"खरं हाये थे, मास्तर! माह्या मायची आन!"

"असन खरं. पण थे ओळ तुही नाही."

उकंडा दोन दिवस फुगून बसला. इतकी खरी ओळ अख्ख्या गाण्यात दुसरी नव्हती, असं त्यानं पूनमसिंगला चारदा ऐकवलं.

कार्यक्रमाला मारोतराव आले. पुढच्याच रांगेत बसले, मान वळवून, उजवा कान पेटीकडे करून. तो कान उकंडानं बघितला. मग तो गायला उठला. 'म्या' आला तिथं चाल अडखळली, पूनमसिंगच्या ढोलकीनं ती सावरून घेतली. दोन ओळी झाल्या. तिसरी जिभेवर येऊन बसली होती. उकंडानं ती गिळली आणि खाली बसला. त्याला फार फार लाज वाटत होती, आणि हलकंही वाटत होतं.

टाळ्या थांबल्यावर मारोतराव उठले. भावाकडे न बघता थेट मास्तरांच्या पेटीपाशी गेले. आता हे तक्रार करणार, उकंडाच्या मनात आलं.

"मास्तर," मारोतरावांनी विचारलं, "बाहेरच्या मानसाले बसू देता का तुमच्या क्लासात?"

"तुमचं काय काम हाये इथं, भाऊ?"

मारोतरावांनी दोन वर्षांत पहिल्यांदा उकंडाकडे बघितलं.

"एकच ओळ लिव्हाची हाये," ते म्हणाले. "शिवी म्या देल्ली."