उशाशी ठेवलेली पेटी

मुक्कामाला आलेल्या मेहुण्याने माझ्या खोलीतल्या काचेच्या पेटीत झुरळांचा स्प्रे मारला. आत मी पिल्लापासून वाढवलेला टॅरंटुला कोळी होता. "दाजी, किडाच तर होता," म्हणून तो पुन्हा आडवा झाला.

मी पेटी घासून धुतली. माती आणि कोकोपीट भिजवून ट्रेमध्ये पसरलं, वर फॉइल लावून ओव्हनमध्ये वाफवलं, बुरशीचा अंशही उरू नये म्हणून. निवल्यावर पेटीत वीतभर थापलं आणि पेटी होती तिथेच, त्याच्या उशाशी ठेवली.

"नवा कोळी दिसत कसा नाही?" मेहुण्याने पेटीत डोकावत विचारलं.

"बिळात राहणारी जात आहे. आठवडेच्या आठवडे तोंड दाखवत नाही."

सकाळी पेटीचं झाकण उघडं होतं. मेहुण्याने अंथरूण झटकलं, बूट आपटले. बॅगेत हात घालायची छाती होईना, तेव्हा ती तशीच टाकून निघाला.

"किडाच तर आहे," मी दारातून म्हणालो.

बायको खुर्चीवर पाय वर घेऊन बसली होती. "घालवलंत ना माझ्या भावाला? आता तरी त्या कोळ्याला शोधा."



"आणला असता तर शोधला असता."