चावरा बूट

"हा पण बरोबर हाय," नूतन म्हणाली.

एलियाहशेठ तिच्या पायाशी बसून बुटाची नाडी बांधत होते. त्यांनी मान वर केली. आधीचा जोड एक नंबर मोठा होता, तोही तिला बरोबर होता. त्याच्या आधीचा तर चक्क घट्ट. तोही बरोबर! पेणला रामवाडीत त्यांचं दुकान इतकी वर्षं होतं, पण डोंगर चढायचे बूट घ्यायला येऊन कशालाच नाही न म्हणणारं गिऱ्हाईक त्यांनी पाहिलं नव्हतं.

"पोरी, नीट सांग. उतारावर बोटं पुढे आपटली तर नखं काळी पडतात. कुठं लागतंय?"

"नाय लागत कुठं."

बाकावर बसलेल्या सरूला राहवेना. "तिला इचारू नका शेठ. तिला कळत नाय."

"आई!"

"सांगू दे गो. सांगितल्याबिगर ते तरी माप कसं घेतील?"

आणि सरूने सांगितलं. नूतन रोह्याला कंपनीत कामाला. शिफ्ट सुटली, सुट्टी मिळाली, की मैत्रिणींबरोबर कुठल्या तरी गडावर. मागच्या वर्षी तिला साधा ताप आला, आणि तो उतरता उतरता पायांतलं बळ घेऊन गेला. मग हातांतलं. डॉक्टरांनी नसांचा आजार सांगितला. सरूने निडी गावचं शेत दिरावर सोपवलं आणि लेकीच्या उशाशी बसून राहिली. बळ हळूहळू परत आलं. नूतन काठी धरून चालली, मग काठी टाकून चालली. पण घोट्यांच्या खाली जाणीव आली नाही. जमीन तापलेली की गार, ओली की कोरडी, पायांना पत्ता नसायचा. एकदा ती अंगणातून हसत बोलत घरात आली, तर मागे फरशीवर रक्ताचे ठसे. काच रुतली होती. तेव्हापासून सरू रोज लेकीचे तळवे मांडीवर घेऊन चाचपून बघायची. मोज्याला सुरकुती पडलेलीही तिला चालायची नाही.

आता मैत्रिणी अवचितगडावर निघाल्या होत्या आणि नूतनने हट्ट धरला होता. डॉक्टर हो म्हणाले, पण बूट अगदी मापाचा हवा. तो चावला तर हिला कळणार नाही. जखम चिघळली तर पाय गमवायची वेळ येईल. पायांत जाणीव कधी येईल, येईल की नाही, ते मात्र त्यांनाही सांगता आलं नव्हतं.

एलियाहशेठनी नाडी सोडून बूट काढून ठेवला. मग म्हणाले, "या, तुम्ही पण खाली बसा. आपण हातांनी बघू."

दोघं मिळून कामाला लागली. जाड मोजे घालून नूतनने एकेक जोड पायात चढवायचा, दुकानभर हिंडायचं, कोपऱ्यातल्या उतरत्या फळीवरून खाली यायचं. मग सरूने बूट, मोजे काढून कातडी कुठे लाल झाली ते बघायचं. नूतन ओठ आवळून सगळं करत होती. आपला पाय म्हणजे दुसऱ्याच कुणाची तरी वस्तू असल्यासारखी ती त्याच्याकडे बघत होती.

एक मातकट रंगाचा जोड आला. पुढून जरा निमुळता. नूतन फळीवर चढली, उतरायला लागली आणि मध्येच थांबली.

"काय झालं गो?"

 नूतनने पाऊल मागे घेतलं, परत पुढे टाकलं.

"आई, चावतोय."

एलियाहशेठ सवयीने दुसरा खोका काढायला उठले आणि अर्ध्यातच वळले. सरू जागची हललीसुद्धा नाही. "थट्टा करतेस?"

"डावी करंगळी. चावतोय, आई."

सरूने तिला बाकावर बसवलं. बूट ओढून काढला, मोजा काढला. डाव्या करंगळीच्या बाजूला लाल वळ होता. "डोळे मिट," ती म्हणाली. तिने अंगठा दाबला. नूतनने मान हलवली, नाही. मधलं बोट दाबलं. नाही. टाच, तळवा, नाही. मग सरूने करंगळी दोन बोटांत धरली. 

"ही!" नूतन म्हणाली. "ही धरलीस तू."

 एलियाहशेठनी खिशातला रुमाल काढून डोक्यावर घेतला आणि ते डोळे मिटून हिब्रूत प्रार्थना पुटपुटू लागले. सरूला त्यातला एक शब्द कळला नाही, पण तिचे हात आपोआप जोडले गेले.

मग एक नंबर मोठा, पुढून रुंद जोड आला. नूतन तो घालून फळी उतरली. परत उतरली. तिचा चेहरा पडला.

"काय कळत नाय," ती हळूच म्हणाली.

"मापाचा बूट कळत नसतोच, बाळा," एलियाहशेठ म्हणाले. पण त्यांचा आवाजही जरा चाचरला.

"आलेलं परत गेलं असंल तर?" नूतनने विचारलं.

 शेठनी मोठा जोड खोक्यात बांधून बाजूला ठेवला आणि न विचारता तो मातकट बूट पुन्हा नूतनच्या डाव्या पायात चढवला. नाडी ते बांधणार, तेवढ्यात सरूने ती त्यांच्या हातातून घेतली. दोन्ही टोकं मुठीत धरली आणि भाताचा भारा आवळावा तशी आवळली.

"आई गं!" नूतन कळवळली. "दुखतंय!"

सरूने नाडी सोडली नाही.

"आनखी एकदा बोल," ती म्हणाली.