सासऱ्याचं जाळं

कागदाचा कारखाना बंद पडल्यापासून वेंडेल बायकोसकट सासऱ्याच्या घरी राहत होता. विस्कॉन्सिनच्या तळ्यांत मस्की माशाचा हंगाम सुरू झाला, तेव्हा त्यानं मासेमारीच्या सामानाच्या दुकानातल्या सगळ्यात स्वस्त खोक्यातून एक बकटेल गळ निवडला. हरणाच्या शेपटीचे केस नीट बांधलेले, आकडे टोकदार, पितळी पातं बोटाच्या धक्क्यानं गरगरणारं. "जावईबापू, असल्या भिकार गळाला मस्की काय, बेडूकसुद्धा लागायचा नाही," सासरा अर्विड सगळ्यांदेखत म्हणाला. गिऱ्हाइकं हसली. अर्विडनं पकडलेला मस्की गावातल्या बारमध्ये भिंतीवर टांगलेला होता. त्याहून मोठा आजवर कुणाला मिळाला नव्हता. दुपारी दोघं होडीतून तळ्यात गेले, तेव्हा होडीच्या अगदी कडेला वेंडेलच्या बकटेलवर मस्कीनं झडप घातली. कितीतरी वेळ झुंजून त्यानं मासा वर आणला. "बाबा, जाळं! लवकर!" अर्विड जाळं घेऊन वाकला. मासा भिंतीवरच्यापेक्षा वीतभर लांब होता. अर्विडनं जाळं माशाच्या पोटाखाली घातलं नाही. जाळ्याच्या लोखंडी कड्यानं जबड्यातल्या आकड्यावरच हाणलं. मासा सुटला, शेपूट हलवून खोल गेला. "तुटला वाटतं तुझा आकडा," अर्विड शांतपणे म्हणाला. वेंडेलच्या हातात बकटेल अख्खा होता. संध्याकाळी बारमध्ये अर्विडनं सगळ्यांना बियर पाजली आणि स्वस्तातला आकडा कसा तुटला ते रंगवून सांगितलं. लोक पोट धरधरून हसले. शेजारी बसलेल्या बायकोनं वेंडेलला हळूच विचारलं, "खरंच तुटला का रे?" अर्विड ग्लास ओठाशी धरून जावयाकडे बघत थांबला. "हो," वेंडेल म्हणाला, "बाबा बजावत होतेच." मग तीही हसली.