उजळलेलं मडगार्ड

बाबांचा जुना ट्रॅक्टर इतका विटला होता की त्याला लाल म्हणावं की गुलाबी, यावर आम्हा दोघी बहिणींचं एकमत होईना. शेवटी पॉलिशचा डबा उघडला आणि फडकी घेऊन घासायला बसलो. घासू तिथे लालभडक रंग वर यायचा आणि आम्ही आनंदाने किंचाळायचो.

मडगार्डाच्या कोपऱ्यातला ग्रीसचा थर निघाला, तर खाली पिनेने कोरलेली अक्षरं : ‘हा ड्रायव्हर माझा.’

बाबांचा चेहरा खर्रकन उतरला. “अगं, लग्नाआधी मी गावोगाव नांगरायला जायचो, कुणी कोरलं काय माहीत! तुमच्या आईने पाहिलं तर माझी धडगत नाही. घासा पटकन!”

पण घासू तशी अक्षरं आणखीच ठळक होत गेली आणि आम्हाला हसू आवरेना.

तेवढ्यात आई आली. बाबा घाईघाईने मडगार्डाला पाठ लावून उभे राहिले. तिने त्यांना कोपराने बाजूला सारलं, चष्मा लावला, अक्षरांवरून बोट फिरवलं आणि चक्क लाजली.



“पुसू नका गं! हे माझ्या माहेरचं शेत नांगरायला आले होते, त्याच दिवशी कोरलं मी. वडिलांना स्थळ सुचवलं ते नंतर.”