सम्राटाचा कोबी, अप्पांची वांगी

"अप्पा, पुन्हा उभं राहा. गावाला तुमच्याबिगर कोण हाय?"

अप्पांचा जुना कार्यकर्ता मल्लिनाथ हार घेऊनच आला होता. दारामागे उभी अप्पांची बायको उमादेवी कान देऊन ऐकू लागली.

अप्पा, म्हणजे चंद्रप्पा, चाकूरजवळच्या त्या गावाचे कितीतरी वर्षं सरपंच होते. तेवढ्या वर्षांत नवरा नावाचा माणूस उमादेवीच्या वाट्याला फारसा आलाच नाही. जेवण गाडीत, मुक्काम तालुक्याला, आणि घरात पाऊल टाकलं की ओट्यावर माणसं हजर. एकदा भर बैठकीत छातीत कळ आली, तरी हा भला माणूस ठराव मंजूर करूनच लातूरच्या दवाखान्यात गेला. गेल्या खेपेला निवडणुकीत पडले आणि गाव हळहळलं. उमादेवीला मात्र नवरा मिळाला. आता ते सकाळी इष्टलिंगाची पूजा करून परसात वांगी खुरपत, बायकोला आयता चहा देत. देवा, असंच राहू दे, एवढंच तिचं मागणं होतं.

आणि आज चंद्रप्पा गप्प बसले होते. ते गप्प बसले की शेवटी हो म्हणतात, हे तिला पक्कं ठाऊक होतं.

सून शिवानी ओट्यावर स्पर्धा परीक्षेचा इतिहास वाचत बसली होती. तिला राहवलं नाही, ती सासऱ्यांना म्हणाली,

"मामा, युरोपात खुर्चीपायी राजे आन पोप शेकडो वर्षं भांडले. एक राजा तर गादी वाचवायला पोपच्या दारात बर्फात अनवाणी उभा राहिला. पण त्याच्या लई आधी रोमचा एक सम्राट गादी सोडून गावाकडं गेला आन कोबी लावत बसला. परत बोलावणं आलं, तर म्हणला, माझा कोबी बघा आधी, मग असलं इचारणारच न्हाई."

"त्यानं सोडली, पोरी. आमच्या अप्पांना पाडलं," मल्लिनाथ उसळला. "ते बी एका मतानं! आपल्यातलाच कुणीतरी गद्दार..."

"गद्दार नको म्हणू." चंद्रप्पांनी वांग्यांची पाटी त्याच्यापुढं सरकवली. "ही घेऊन जा, आन हार बी घेऊन जा. मी न्हाई उभा राहत. त्या सम्राटाला आपल्या मनानं सुचलं, मला कुणीतरी मत देऊन शिकवलं. आरं, त्या एका मतानं मला घर दिलं, रातची झोप दिली. लई उपकार हायेत त्याचे. कोण हाय ते कळू दे, भर चावडीवर त्याच्या पायावर डोकं ठेवीन."

उमादेवीचा जीव भांड्यात पडला. डोळे घळाघळा वाहू लागले. ते तसेच वाहू देत ती उंबरा ओलांडून ओट्यावर आली आणि नवऱ्यापुढे उभी राहिली.

"चावडीवर कशाला?" ती म्हणाली. "इथंच ठेवा."