पाय उचलायचा नाही

ट्रॅक सुरू झाला आणि स्टेजवरच्या तिघींपैकी एकीनंही पाय उचलला नाही.

लोणावळ्यातल्या त्या रिसॉर्टच्या हिरवळीवर शंभरेक पाहुणे लावणी बघायला बसले होते. शनिवारची संध्याकाळ, हातात कांदाभजीच्या प्लेटी, आणि समोर नऊवारी नेसून, पायांत चाळ बांधून उभ्या असलेल्या सविता, चैताली आणि सृष्टी. स्पीकरमधून ढोलकी अशी काही कडाडली की पहिल्या रांगेतल्या एका आजोबांनी मांडीवर ठेकाच धरला. ढोलकी होतीच तशी. नूरमहंमदभाऊंची होती.

खुद्द नूरभाऊ मात्र स्टेजच्या कडेला, पडद्याआड बसले होते. मांडीवर सवयीनं आणलेली ढोलकी. गेल्या दिवाळीत जाहिरातीसाठी म्हणून त्यांचं वाजवणं दोन दिवस रेकॉर्ड केलं होतं, आणि आज सकाळी मॅनेजर सत्यमनं फार गोड आवाजात सांगितलं, "नूरभाऊ, आजपासून तुम्ही दगदग करू नका. आवाज आहेच आपल्याकडे." बत्तीस वर्षं वाजवणाऱ्या माणसाला त्याच्याच ढोलकीनं घरी बसवलं. आता याला काय म्हणावं!

नूरभाऊ लोककलावंत संघटनेचे अध्यक्ष. एके काळी संघटनेत मावळातले नव्वद कलावंत होते. वडगावला तहसील कचेरीवर मोर्चा निघाला की सगळा रस्ता वाजतगाजत जायचा. अलीकडे संघटना म्हणजे नूरभाऊंच्या पिशवीतला रबरी शिक्का. गेल्या वर्षी सीतारामची पेटी अशीच ट्रॅकमध्ये गेली, तेव्हा अध्यक्षांनी निवेदन दिलं, सत्यमनं त्यांना चहा पाजला आणि संध्याकाळी सगळ्या मुकाट नाचल्या. ते आठवलं की सविताला अजून स्वतःची लाज वाटायची.

म्हणून आज दुपारी तिनं मेकअपच्या खोलीचं दार लावून घेतलं होतं. "पाय उचलायचा न्हाई. कुनीच." सृष्टी नवीन, तिचं हे पहिलंच काम. धास्ती होती ती तिचीच. पण पावणेसातला भुशी धरणाकडच्या दुसऱ्या रिसॉर्टमध्ये नाचणाऱ्या पोरींचा फोन आला, "आमीबी उभ्याच राहनार!" आणि सगळ्यांत आधी सृष्टीनंच चाळांसकट उडी मारली.

आता नुसतं उभं राहणंही अवघड झालं होतं. चौदा वर्षं ज्या ठेक्यावर पाय पडला, तो ठेका कानात घुमतोय आणि पाय मात्र जागेवर ठेवायचा! सविताची टाच आपोआप सुटायला लागली. तिनं अंगठा फळीवर दाबून धरला. शेजारी सृष्टी घामानं डबडबली होती, पण हलत नव्हती. सविताला इतका आनंद झाला की तिला तिथंच ओरडावंसं वाटलं.

"नाचा की!" मागून कुणीतरी ओरडलं. शिट्ट्या आल्या. सत्यम लॅपटॉप सोडून धावत आला. "सविताताई, काय चाललंय हे? प्लीज!"

तेवढ्यात पडद्याआडून आवाज आला. "आगं, नाचा गं पोरींनो!"

नूरभाऊ बाहेर आले होते. चेहरा कावराबावरा. "लोकं बसल्यात समोर. ढोलकी वाजतीया आन् तुमी खांबावानी उभ्या? आसं बरं न्हाई. माझं मी बघीन. नाचा!"

सत्यमच्या जिवात जीव आला. "ऐका, अध्यक्षच सांगतायत."

चैताली आणि सृष्टी, दोघींनी सविताकडे पाहिलं. अध्यक्षांचा शब्द मोडायचा कसा? आणि पाळला, तर हा माणूस कायमचा घरी. सविताला नूरभाऊंचा राग आला, इतका की डोळ्यांत पाणी आलं. ज्याच्यासाठी उभं राहायचं, त्यालाच ते बघवत नव्हतं.

तिनं मान वळवली आणि साऱ्या हिरवळीला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात म्हणाली, "भाऊ, गप बसा. ही तुमच्या एकट्याची गोष्ट न्हाई."

नूरभाऊ मटकन खाली बसले. अध्यक्षांना असं आजवर कुणी बोललं नव्हतं.

स्पीकरमधली ढोलकी एकटीच शेवटपर्यंत वाजली आणि थांबली. टाळी पडली नाही. मग पाहुण्यांतल्या एका बाईंनी विचारलं, "अहो, ढोलकीवाले तर तिथंच बसलेत. मग ते का नाही वाजवत?" खरंच की, असं दोघेचौघे म्हणाले आणि बघता बघता सगळी हिरवळ तेच विचारायला लागली. सत्यमचा फोन वाजला. भुशीकडच्या मॅनेजरचा होता. "तुझ्याकडेपण?" एवढंच सत्यम म्हणाला आणि त्यानं फोन खिशात टाकला.

"वाजवा, नूरभाऊ. आज वाजवा," तो वळून म्हणाला.

"आज?" सवितानं विचारलं. तिचा पाय अजून जागचा हलला नव्हता.

"आज, उद्या, दर शनिवारी! वाजवा हो!"

चैतालीनं आनंदानं आरोळीच ठोकली. आजोबा उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. नूरभाऊ स्टेजवर येऊन बसले, त्यांनी ढोलकी पुढ्यात घेतली आणि हात उचलला. पहिली थाप चुकली. दुसरीही. त्यांनी ओशाळून सविताकडे पाहिलं.

सवितानं पदर कमरेला खोचला.

"होऊ द्या सावकाश, भाऊ," ती म्हणाली. "आमी थांबतो."